गावातल्या शाळांची तुलना करताना टक्के नको, मुलं मोजा

दहावीचा निकाल लागला की तिठ्यातिठ्यावर शंभर टक्क्यांचे फ्लेक्स लागतात आणि पालक त्यावरून शाळा ठरवतात. कोकणात याइतका निरुपयोगी आकडा दुसरा नाही. 2024 साली कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल 99.01 टक्के लागला होता. अख्खा विभाग जिथे नव्व्याण्णववर, तिथे शंभर टक्क्यांत कौतुक कसलं? ‘भिंती रंगवलेल्या आहेत का बघा’, ‘डिजिटल वर्ग आहे का विचारा’ हे सल्लेही तसेच. रंग एका उन्हाळ्यात होतो.

आधी यादी करा. युडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-संकेतस्थळाच्या ‘नो युवर स्कूल’ पानावर प्रत्येक शाळेचा पट, शिक्षक आणि वर्गखोल्या दिसतात. 11 अंकी युडायस क्रमांक उतरवून घ्या, कारण एकाच गावात नं. 1, नं. 2 अशा शाळा असतात आणि आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.

मग जोड्या लावा. बाजारपेठेतली केंद्रशाळा आणि डोंगराकडच्या वाडीतली द्विशिक्षकी शाळा एकाच तक्त्यात घालू नका. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते पाचवी दोघांनी सांभाळायची. अशा शाळेची तुलना दुसऱ्या द्विशिक्षकी शाळेशीच करा.

आता खरी अडचणीची पायरी, निकाल. इथे मीही बराच काळ अडखळले, कारण आकडे दर वर्षी उलटेपालटे होत. कारण अगदी साधं आहे. समजा वाडीच्या शाळेतून यंदा चार मुलं शिष्यवृत्तीला बसली, तीन उत्तीर्ण झाली. निकाल 75 टक्के. पुढच्या वर्षी तीन बसली, एक उत्तीर्ण. 33 टक्के. बाई त्याच, शिकवणं तेच. एक मूल तापाने आजारी, दुसरं आईबापांबरोबर मुंबईला गेलेलं. यावरून ‘शाळा घसरली’ म्हणणारा माणूस शाळेबद्दल काहीच सांगत नसतो. चार मुलांचा टक्का काढूच नये.

त्याऐवजी मागच्या पाच वर्षांतली मुलं एकत्र मोजा. प्रत्येक शाळेला तीनच आकडे विचारा: त्या वर्गाच्या पटावर किती, परीक्षेला बसली किती, उत्तीर्ण किती. मधला आकडा गाळून कुणी सांगू लागलं तर पुन्हा विचारा. खरी गोम तिथेच असते. मोठ्या शाळेत पटावर 40 मुलं आहेत, त्यातली निवडक 10 बसवली, 9 उत्तीर्ण झाली. बोर्डावर लिहिणार 90 टक्के. पटाशी ताडलंत तर चाळिसातली नऊ. शेजारच्या शाळेने 12 पैकी 12 बसवली आणि पाच उत्तीर्ण झाली, तर फळ्यावर ती मागे दिसेल. माझ्या मते तीच पुढे.

हायस्कुलांना हीच फूटपट्टी लावा, पण दोन प्रश्न वाढवून. नववीत किती मुलं होती आणि त्यातली दहावीला नियमित म्हणून किती बसली? कच्च्या मुलांना 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायला लावला की ती शाळेच्या नियमित निकालात येतच नाहीत. दुसरं, उत्तीर्ण किती हे सोडा, श्रेणीनिहाय संख्या घ्या. विशेष प्राविण्यात किती, प्रथम श्रेणीत किती आणि जेमतेम पस्तिशीत किती, यातच दोन ‘शंभर टक्के’ शाळांमधला फरक कळतो.

हे आकडे मुख्याध्यापक बहुधा देतात. नाही दिले तर वाद घालू नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्यातलं कुणी ओळखीचं निघालं तर अर्जाचीही गरज पडत नाही.

वाचन तपासा: चौथीच्या पाचसहा मुलांना दुसरीच्या पुस्तकातलं पान द्या, परवानगी घेऊन. मुलं शिक्षकांनी निवडलेली नकोत, हजेरीपटातलं प्रत्येक तिसरं नाव घ्या. धडा पाठ असू शकतो, म्हणून अनोळखी परिच्छेदही सोबत न्या. त्यानंतर एक हातच्याची वजाबाकी.

हजेरी शिमग्यात किंवा गणपतीत बघू नका, तेव्हा कुठलीच शाळा भरलेली नसते. जुलैत बघा. साकवावर पाणी असतानाही पोरं येत असतील तर त्या शाळेत काहीतरी आहे.

तक्त्यात शेवटचा रकाना शिक्षकांचा ठेवा: कोण, कधीपासून. लोक हाच गाळतात. द्विशिक्षकी शाळेत एक बदली म्हणजे निम्मी शाळा बदलली. परजिल्ह्यातले कितीतरी शिक्षक आंतरजिल्हा बदलीची वाट बघत असतात, त्यात गैर काही नाही, पण गेलेल्या गुरुजींच्या निकालावर आत्ताची शाळा निवडू नका. बदल्यांचे आदेश निघाले की हा रकाना नव्याने भरा आणि तुमच्या मुलाचा वर्ग कुणाकडे आहे, हे शाळेत जाऊनच विचारा.