नॉइज गेट घेताय? हाय-गेन गिटारवाल्यांनो, आधी या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडची गिटार वाजवणारी पोरं मला वरचेवर एकच प्रश्न विचारतात: "दादा, डिस्टॉर्शन लावलं की अ‍ॅम्प नुसता घूं घूं करतो. कोणतं नॉइज गेट घेऊ?" मी उलट विचारतो, तो आवाज येतो कुठून? बहुतेकांना सांगता येत नाही. ते माहीत नसताना पेडल मागवणं ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. मी स्वतः ती केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेट म्हणजे दार. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेल तोवर उघडं, खाली गेला की बंद. या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात. दार उघडं असताना सुराबरोबर घूंसुद्धा बाहेर पडतंच. रिफच्या मधल्या थांब्यात गेट शांतता देतं, वाजवत असतानाची भणभण ते काढत नाही. सूर चालू असतानाच भणभण कानाला खुपत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे आणि कितीही भारी गेट घेतलं तरी ते राहणार.

म्हणून आधी पाच मिनिटं काढा. सगळं चालू ठेवून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला तर तो पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या कॉइलमधून येतोय. तसाच राहिला तर पेडल, केबल, अ‍ॅडॉप्टर किंवा अ‍ॅम्प. मग एकेक पेडल साखळीतून काढत जा. जे पेडल बॅटरीवर चालतं ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा. आवाज थांबला तर दोषी अ‍ॅडॉप्टर आहे. एकाच स्वस्त अ‍ॅडॉप्टरवरून पाच-सहा पेडलना वीज दिली आणि त्यात एखादं डिजिटल डिले असलं, की बारीक शिट्टीसारखा आवाज हमखास येतो. अशा वेळी गेटचे पैसे वेगवेगळ्या आयसोलेटेड आउटपुटच्या पॉवर सप्लायवर घाला.

सिंगल कॉइल पिकअप असेल तर जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला तोंड केलं की घूं बरंच कमी होतं. हा घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा हम, कॉइल अँटेनासारखी तो पकडते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हंबकर बनवला तो याच त्रासापायी: दोन कॉइल, एकमेकींच्या उलट, म्हणजे दोघींनी पकडलेला हम आपापसात कटतो. मेटल वाजवायचं असेल तर ब्रिजला हंबकर हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडची वीज

हा भाग परदेशी व्हिडिओंमध्ये सापडत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, पंखा बंद करून सराव होत नाही. पण पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की सेकंदाला १०० वेळा वीज कापून पुढे सोडतो, आणि तेच कापणं पिकअपमध्ये कर्रऽऽ असं उतरतं. पंखा फुल करा, फरक लगेच ऐकू येईल. कार्यक्रमात दिव्यांचे डिमरही हेच करतात. लोडशेडिंगमध्ये साधा, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर सुरू झाला की तीच गत. साईन वेव्हचा असेल तर त्रास कमी.

त्याहून मोठी गोष्ट अर्थिंग. जुन्या घरांत मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असतो. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर गिटारच्या आतलं वायरिंग ठीक आहे. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा आणि वायरमन बोलवा. आवाज जावा म्हणून थ्री-पिनची जाडी अर्थ पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं कधीही करू नका. एका हातात गिटार आणि ओठाला माईक, अशा वेळी ती पिनच तुम्हाला वाचवते.

पेडल निवडताना

इतकं करूनही हाय-गेनला, म्हणजे सिग्नल खूप फुगवला की, सूंऽऽ राहतंच. गेन ६० डेसिबल वाढवला म्हणजे व्होल्टेज हजारपट, आणि सुराबरोबर कचराही हजारपट. इथे गेट लागतं. माझी चूक इथेच झाली. मी एकच इनपुट, एकच आउटपुट असलेलं छोटं गेट घेतलं आणि गिटारनंतर लगेच लावलं. माझा गेन होता अ‍ॅम्पमध्ये. गेट गिटारचा हम अडवत होतं, पण सूं जन्माला येत होतं त्याच्या पुढे. मग तेच गेट डिस्टॉर्शननंतर लावलं, तर सूर तुटायला लागला. डिस्टॉर्शनमधून निघालेला सिग्नल दाबलेला असतो, सूर आणि सूं यांच्यात अंतरच उरत नाही, मग दार कधी लावायचं हे गेटला कळणार कसं? सोबतचा ड्रमर म्हणाला, "आवाज गेला भो, पण गिटार बी गेली."

उत्तर आहे सेंड-रिटर्न, म्हणजे सिग्नल मधेच बाहेर पाठवून परत आत घ्यायचे दोन जॅक, असलेलं गेट. ते गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून ठरवतं आणि दार लावतं गेनच्या पुढे. बॉसचं १९८७ साली आलेलं एनएस-२ असंच आहे. गिटार इनपुटला; सेंडमधून अ‍ॅम्पच्या इनपुटला; अ‍ॅम्पच्या एफएक्स सेंडमधून (गेननंतर सिग्नल बाहेर काढायचा जॅक; परत आत घ्यायचा तो एफएक्स रिटर्न) गेटच्या रिटर्नला; गेटच्या आउटपुटमधून अ‍ॅम्पच्या एफएक्स रिटर्नला. चार केबल लागतात. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या सेंट्रीलाही सेंड-रिटर्न आहे. आयएसपीचं डेसिमेटर टू घेताना मात्र नीट बघा: दोन चॅनेलचं, म्हणजे एकीकडे स्वच्छ सिग्नल ऐकून दुसरीकडे दार लावणारं हवं असेल तर जी-स्ट्रिंग मॉडेल वेगळं येतं. अ‍ॅम्पला एफएक्स लूपच (ते सेंड-रिटर्न जॅक) नसेल तर गेन पेडलमधून घ्या आणि ते पेडल गेटच्या सेंड आणि रिटर्नच्या मधे टाका. आपल्याकडे दुकानात लावून बघायला असं पेडल सहसा मिळत नाही, ऑनलाइनच मागवावं लागतं. म्हणून जॅक मोजूनच ऑर्डर द्या.

डिले आणि रिव्हर्ब ही प्रतिध्वनी देणारी पेडल गेटच्या नंतरच ठेवा, नाहीतर त्यांची शेपटी कापली जाते. तुटक पाम म्यूटला (तळहाताने तारा दाबून वाजवणं) रिलीज किंवा डिके, म्हणजे दार बंद व्हायला लागणारा वेळ, झटपट हवा, लांब सोलोला सैल. अन् गेन एकदा निम्म्यावर आणून बघा. बँडसोबत वाजवताना रिफ उलट जास्त स्पष्ट ऐकू येतो.

थ्रेशोल्ड शून्यापासून सुरू करा. तारा हाताने दाबून धरा, नॉब सावकाश वाढवा, सूं थांबलं की तिथेच सोडा. मग एक सूर वाजवून पूर्ण विरू द्या. शेवटी तो फडफडत तुटला तर नॉब थोडा मागे घ्या. घरी लावलेली ही खूण गणपतीच्या मंडपात चालत नाही, तिथली वीज वेगळी. साउंडचेकला नव्याने लावा, आणि मधेच लाईट जाऊन जनरेटर सुरू झाला तर पुढच्या गाण्याआधी पुन्हा एकदा तपासा.