‘बाय’ की ‘अंटिल’? इंग्रजीत काळाचा विरोध दाखवताना या चुका टाळा

दुसऱ्यांनी लिहिलेला इंग्रजी मजकूर तपासणाऱ्याला स्पेलिंगच्या चुकांचा फारसा त्रास होत नाही, कारण त्या डोळ्यांना दिसतात आणि संगणकही त्या दाखवतो. खरा त्रास होतो तो व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या, पण भलताच काळ सांगणाऱ्या वाक्यांचा. ‘तोवर’ आणि ‘त्याच्या आत’, ‘सुरुवातीला’ आणि ‘आता’ अशा परस्परविरोधी कालदर्शक शब्दांवर जिथे वाक्याचा अर्थ अवलंबून असतो, तिथे मराठीतून विचार करणारे लेखक घसरतात, आणि वर्षानुवर्षे त्याच त्या ठिकाणी घसरतात.

‘पर्यंत’साठी एकच शब्द पाठ करून ठेवणे

मराठीतील ‘पर्यंत’ दोन कामे करतो. ‘सर्व्हर शुक्रवारपर्यंत बंद राहील’ या वाक्यातील स्थिती शुक्रवार येईतो टिकते, तर ‘सर्व्हर शुक्रवारपर्यंत बंद होईल’ या वाक्यातील घटना शुक्रवार सरण्यापूर्वी केव्हातरी घडते. मराठी वाचकाचा येथे गोंधळ होत नाही, कारण हा फरक ‘राहील’ आणि ‘होईल’ या क्रियापदांनी सांभाळलेला असतो. इंग्रजीत मात्र ‘विल बी’ दोन्हीकडे चालते, आणि फरक सांगण्याचा सगळा भार कालदर्शक शब्दावर येतो. टिकणाऱ्या स्थितीसाठी ‘अंटिल’ किंवा ‘टिल’ लागतो, मुदतीच्या आत घडणाऱ्या घटनेसाठी ‘बाय’ लागतो, आणि एकाच्या जागी दुसरा घातला तरी वाक्य शुद्धच राहते.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आपल्या परदेशी ग्राहकाला पाठवलेले पत्र माझ्यासमोर आले, ते अर्थातच भानगड होऊन गेल्यावर. देखभालीसाठी सर्व्हर सोमवारी बंद करून शुक्रवारी पुन्हा सुरू करायचा होता आणि पत्रात लिहिले होते, ‘द सर्व्हर विल बी ऑफ बाय फ्रायडे’. ग्राहकाने त्याचा सरळ अर्थ घेतला की, शुक्रवार येईल तेव्हा सर्व्हर बंद झालेला असेल, म्हणजे आपली कामे उरकायला गुरुवारपर्यंत अवकाश आहे. त्यांनी सोमवारी सकाळी मोठ्या आकाराच्या फाइली चढवायला घेतल्या आणि काम अर्ध्यावर असतानाच सगळे ठप्प झाले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी रागाची पत्रे गेली आणि त्या पत्रांत दोघेही तेच एक वाक्य आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे करत होते. ते वाक्य व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेलेले होते, हे मला मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले. सॉफ्टवेअरला त्यात खोट दिसणार कशी? सर्व्हर केव्हा बंद व्हायचा आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

माझा उपाय साधा आहे. मराठी वाक्यातील ‘पर्यंत’ काढून तेथे ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘शुक्रवारच्या आत अहवाल देईन’ हे वाक्य चालते, म्हणून तेथे ‘बाय’ घ्यावा. ‘शुक्रवारच्या आत बंद राहील’ हे वाक्य कानाला खटकते, म्हणून तेथे ‘अंटिल’ घ्यावा. नकारार्थी वाक्यात मात्र सावध राहावे लागते. ‘उघडणे’ ही घटना असली, तरी ‘न उघडणे’ ही टिकणारी स्थिती आहे, त्यामुळे ‘कार्यालय शुक्रवारपर्यंत उघडणार नाही’ याचे इंग्रजी ‘द ऑफिस विल नॉट ओपन अंटिल फ्रायडे’ असेच होते. ज्या मुदतीवर पैसे किंवा दंड अवलंबून असतो, तेथे मी ‘बाय’वरही विसंबत नाही, ‘ऑन ऑर बिफोर’ लिहून पुढे तारीख घालतो, म्हणजे तो दिवस मुदतीत धरायचा की नाही यावर वाद उरत नाही.

विरोध नसताना विरोध सुचवणे

ही माझी दुसरी आवडती, म्हणजे नावडती, चूक आहे. ‘आतापर्यंत’ या शब्दासाठी इंग्रजीत ‘सो फार’ आणि ‘अंटिल नाउ’ असे दोन पर्याय मिळतात आणि घाईत असलेला माणूस जो आधी आठवेल तो उचलतो. ‘सो फार’ने आजवरचा हिशेब मांडला जातो आणि तो पुढेही तसाच चालू राहू शकतो. ‘अंटिल नाउ’ वाचले की मात्र आता काहीतरी बदलले असावे, असे वाचकाला बहुधा वाटते. एका कर्मचाऱ्याच्या शिफारसपत्रात ‘हिज वर्क हॅज बीन एक्सलंट अंटिल नाउ’ असे वाक्य होते आणि लिहिणाऱ्याला त्यात निव्वळ कौतुकच करायचे होते. मी ते अडवले नसते, तर वाचणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता की, आता काय बिघडले?

‘अ‍ॅट फर्स्ट’चेही असेच होते. कामांचा क्रम सांगताना ‘अ‍ॅट फर्स्ट आय फिल्ड द फॉर्म, देन आय पेड द फी’ असे सर्रास लिहिले जाते. क्रमासाठी नुसता ‘फर्स्ट’ पुरतो. ‘अ‍ॅट फर्स्ट’ म्हटले की सुरुवातीची परिस्थिती पुढे पालटली हे सांगावे लागते, जसे ‘अ‍ॅट फर्स्ट आय फाउंड द वर्क डिफिकल्ट, बट नाउ आय एन्जॉय इट’. तो बदल आलाच नाही, तर वाचक वाक्य संपल्यावरही ताटकळत राहतो. याच वळणाने आभाराच्या भाषणातील शेवटच्या मुद्द्याला ‘लास्टली’ऐवजी ‘अ‍ॅट लास्ट’ म्हटले जाते आणि वक्ता ‘सुटलो एकदाचा’ असे म्हणत असल्याचा भास होतो.

एक अर्धा भाग बदलणे आणि दुसरा तसाच ठेवणे

‘पूर्वी’ आणि ‘हल्ली’ यांची तुलना करताना दोन्ही अर्ध्यांत क्रियापद बदलावे लागते. ‘वी यूज्ड टू मीट एव्हरी वीक, बट नाउ वी मीट वन्स अ मंथ’ हा बरोबर नमुना आहे. पुष्कळांना मात्र ‘यूज्ड टू’ इतका आवडतो की, आजच्या सवयीसाठीही ते ‘आय यूज टू गो’ असे लिहितात, आणि वाचणाऱ्याला ती सवय सुटल्यासारखी वाटते. मराठीत ‘मी जायचो’ असे म्हणायचे असेल तरच ‘यूज्ड टू’ वापरावा. ‘मी जात असतो’ असे म्हणायचे असेल, तर ‘आय युज्वली गो’ लिहावे. तुलनेची सुरुवात नुसत्या ‘बिफोर’ने करण्यापेक्षा ‘इन द पास्ट’ किंवा ‘अर्लिअर’ने करणे कधीही चांगले.

कोणता शब्द दिसला की कोणता काळ वापरायचा हे सांगणाऱ्या खूणशब्दांच्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. ‘सिन्स’ दिसला की परफेक्ट काळ, असे घोकलेला विद्यार्थी ‘आय हॅव नोन हर सिन्स आय हॅव जॉइन्ड’ असे लिहून मोकळा होतो. तक्ता वाक्याचा मुख्य भाग सांभाळतो, पण ‘सिन्स’नंतरच्या भागात आरंभाचा क्षण सांगायचा असतो आणि तेथे साधा भूतकाळच लागतो, म्हणजे ‘सिन्स आय जॉइन्ड’, हे तक्त्यात बसत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ‘सिन्स’नंतर आरंभबिंदू येतो आणि ‘फॉर’नंतर कालावधी येतो, त्यामुळे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ आणि ‘फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स’ ही दोन्ही रूपे टाळावीत. ‘यस्टर्डे’सारखा संपलेला काळ ‘हॅव’बरोबर जात नाही. ‘टुडे मॉर्निंग’ऐवजी ‘धिस मॉर्निंग’ आणि ‘यस्टर्डे नाइट’ऐवजी ‘लास्ट नाइट’ लिहावे. ‘इन टू डेज’ म्हणजे बहुधा दोन दिवसांनी. दोन दिवसांच्या आत असे म्हणायचे असेल, तर ‘विदिन’ वापरावा. ठरल्या वेळी येणे म्हणजे ‘ऑन टाइम’, आणि उशीर होण्याआधी पोहोचणे म्हणजे ‘इन टाइम’.

कालदर्शक शब्दाच्या जागेकडेही सहसा कुणी पाहत नाही. मराठीत वेळ बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येते आणि मोठ्याकडून लहानाकडे जाते: ‘काल संध्याकाळी पाच वाजता’. इंग्रजीचा क्रम उलट आहे, ‘अ‍ॅट फाइव्ह यस्टर्डे इव्हनिंग’, आणि वेळेची नेहमीची जागा वाक्याच्या शेवटी असते. इंग्रजीत ती पुढे आणली, की दुसऱ्या एखाद्या काळाशी तुलना होणार असल्याचा सूर लागतो. ‘लास्ट इयर वी हॅड टेन मेंबर्स, धिस इयर वी हॅव फॉर्टी’ यात तो सूर हवाच आहे. पण परिच्छेदातील प्रत्येक वाक्य तारखेने सुरू होत असेल, तर जेथे खरोखर विरोध आहे तो ऐकूच येत नाही. म्हणून मसुदा तपासताना मी प्रथम सगळ्या वेळा वाक्याच्या शेवटी ढकलतो आणि मग जी दोन-तीन वाक्ये एकमेकांसमोर उभी करायची आहेत, त्यांच्यातल्या वेळा तेवढ्या परत पुढे आणतो.