केंटमधील आइटम मोट : खंदकातले घर कसे पाहावे

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या आईवडिलांना राजवाडे आणि संग्रहालये दाखवून झाली, की पुढे कुठे न्यावे असा प्रश्न पडतो. अशा वेळी केंट परगण्यातील आइटम मोट ही जागा अवश्य विचारात घ्यावी. चौदाव्या शतकात उभे राहिलेले आणि चारही बाजूंनी पाण्याच्या खंदकाने वेढलेले हे जमीनदाराचे घर आज नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. सत्तरहून अधिक दालने असली तरी ते एका दिवसात निवांत पाहून होते. मात्र त्यासाठी पाहण्याचा क्रम आधी ठरवलेला बरा.

प्रवासात फसगत होते ती नावामुळे. आइटम या नावाचे गाव जवळ असले तरी हे घर त्या गावात नाही. ते काही मैल दक्षिणेला, आयव्ही हॅच या वस्तीजवळच्या दरीत आहे. म्हणून नकाशात नुसते गावाचे नाव न टाकता घराचे पूर्ण नाव टाकावे. लंडन ब्रिज स्थानकावरून सेव्हनओक्सला जलद गाडीने साधारण अर्ध्या तासात पोहोचता येते, आणि तिथून पुढे टॅक्सी करणे सर्वांत सोयीचे. शेवटचे रस्ते अरुंद, दुतर्फा कुंपणांचे आणि पदपथ नसलेले आहेत, त्यामुळे वयस्कर माणसे बरोबर असतील तर चालण्याचा उत्साह आवरावा आणि परतीची टॅक्सी सकाळीच सांगून ठेवावी.

बाग आणि घर यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, शिवाय त्या ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहावे. तिकीट काढताना ‘गिफ्ट एड’सह असा थोडा चढा दर विचारला जाऊ शकतो. ती ऐच्छिक देणगी असून तिची करसवलत ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्यांच्या देणगीवरच मिळते. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी साधे तिकीट मागावे, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वर्षातून अशा तीन-चार जागा पाहण्याचा बेत असेल, तर घरच्यांनी ट्रस्टच्या वार्षिक सदस्यत्वाचा हिशेब मांडून पाहावा.

आत शिरण्याची घाई न करता आधी खंदकाच्या बाहेरून घराला पूर्ण प्रदक्षिणा घालावी. हा किल्ला असावा असे प्रथमदर्शनी वाटते, पण घर दरीच्या तळाशी आहे आणि भोवतालच्या चढावरून कोणालाही ते सहज दिसते, यावरूनच वेढा सोसण्यासाठी ही जागा निवडलेली नसावी हे कळते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खंदक हा संरक्षणाइतकाच प्रतिष्ठेचा भाग होता. केंटच्या स्थानिक खडबडीत राखाडी दगडाची भिंत इथे थेट पाण्यातून वर येते आणि काही ठिकाणी तिच्यावर ओकच्या लाकडी चौकटीचा मजला चढवलेला दिसतो. कुठे दगड संपून लाकूड सुरू होते, कुठली खिडकी मागाहून फोडलेली आहे, हे बाहेरून जितके स्पष्ट दिसते तितके आतून दिसत नाही.

पश्चिमेच्या मनोऱ्याखालून आत गेले की चौक लागतो, आणि चौसोपी वाडा पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. चौकात एक भलेमोठे कुत्र्याचे घर आहे. ते १८९१ मध्ये डायडो नावाच्या सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्रीसाठी बांधले गेले आणि आज त्याला प्रथम श्रेणीच्या संरक्षित वास्तूचा दर्जा आहे! नातवंडे बरोबर असतील तर त्यांना हे आधी दाखवून टाकावे, म्हणजे पुढे मोठ्यांना उसंत मिळते.

मनोऱ्यासमोरच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला मोठे सभादालन आहे; तो घराच्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक. तिथे छताचा भार पेलणाऱ्या दगडी आकृत्या मान वर करून पाहाव्यात, मात्र भिंतींवरचे लाकडी तक्तपोशीचे काम एकोणिसाव्या शतकातले आहे हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा तो वरच्या मजल्यावरच्या प्रार्थनागृहासाठी. १५२१ मध्ये आठव्या हेन्रीच्या दरबारातील रिचर्ड क्लेमंट याने हे घर विकत घेतले आणि राजनिष्ठा दाखवण्यासाठी कमानदार लाकडी छतावर राजचिन्हे रंगवून घेतली. प्रकाश मंद असतो, म्हणून मिनिटभर बाकावर बसून डोळ्यांना सवय होऊ द्यावी. मग विटलेल्या रंगांतून हेन्रीच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब दिसू लागतो आणि त्याच छतावर डाळिंबही. डाळिंब हे हेन्रीची पहिली राणी कॅथरिन ऑफ ॲरागॉन हिचे चिन्ह. १५३३ मध्ये तो विवाह रद्द ठरवला गेला, राणी दरबारातून गेली, तिचे डाळिंब मात्र या छतावर अजून आहे. क्लेमंटने ते पुसून का टाकले नाही, याबद्दल दालनातल्या स्वयंसेवकाशी जरूर बोलावे. ही निवृत्त मंडळी बहुधा हौसेने माहिती देतात आणि पाटीवर न मावलेल्या गोष्टी त्यांच्याकडूनच कळतात.

बैठकीच्या दालनातील हाताने रंगवलेला चिनी भिंतकागद जवळून पाहावा, पण हात लावू नये. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी लागते आणि फोटोसाठी फ्लॅश वापरता येत नाही. सेल्बी घराणे इथे जवळजवळ तीनशे वर्षे राहिले, त्यांच्या खोल्या मात्र भरभर पाहिल्या तरी चालतील.

चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाच्या ग्रंथालयात पुन्हा थांबावे. त्याने १९५३ मध्ये हे घर घेतले. बोटीने अमेरिकेला परतताना त्याचे मन डळमळले, व्यवहार मोडण्याचे पत्रही त्याने लिहिले, पण ते टपालात पडलेच नाही, असे सांगितले जाते. पुढे त्यानेच हे घर ट्रस्टला दिले. १९८५ मध्ये त्याच्या निधनानंतर ताबा ट्रस्टकडे आला आणि १९८९ ते २००४ या काळात एक कोटी पौंडांहून अधिक खर्चाची डागडुजी झाली. कुजलेले आणि किड्यांनी पोखरलेले वासे बदलताना घराचे भागच्या भाग उलगडून पुन्हा जोडावे लागले. त्या कामाची माहिती मांडलेली असेल तर ती घर पाहून झाल्यावर वाचावी, म्हणजे मघाशी पाहिलेल्या भिंती पुन्हा पाहाव्याशा वाटतात.

जेवणासाठी तिथल्या उपाहारगृहात सूप आणि स्कोन (छोटे गोडसर पाव) बहुधा मिळतात. कडक शाकाहारी मंडळींनी घटक विचारून घ्यावेत किंवा घरून डबा आणून बाहेरच्या हिरवळीवर बसावे. सेव्हनओक्समध्येच नोल हा अवाढव्य वाडा असल्याने दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण नोलच्या दालनांना स्वतंत्र दिवस लागतो. दुपारी वेळ उरलाच तर आइटम गावच्या चर्चमध्ये जाऊन यावे. या घराचा चौदाव्या शतकातील मालक थॉमस कॉन याची चिलखतातील दगडी मूर्ती तिथे आहे.