गावात चित्र काढायला बसण्याआधी: विषय, जागा आणि सावली

गावात शिरल्यावर पहिल्याच देखण्या घरासमोर बसकण मारू नका. पिशवी न उघडता अर्धा तास फिरा आणि गेलात त्याच वाटेने परत या. उलट दिशेने उजेड वेगळा पडतो, त्यामुळे जाताना सपाट वाटलेली भिंत येताना विषय होऊन उभी राहते. डोळे किलकिले करून बघा: तपशील पुसले गेल्यावरही गडद आणि उजळ आकार ठळक उरत असतील, तर तिथे चित्र आहे. एरवी घर कितीही जुनं, कौलारू असलं तरी कागदावर ते फिकंच उतरतं.

अख्खं गाव एका कागदात बसवण्याचा मोह टाळा. ओसरीचा काळोख आणि पुढचं उन्हातलं अंगण, विहिरीचा काठ, घराची मागची बाजू, लाकडांची रास, गल्लीचं वळण, एवढं पुष्कळ झालं. पुठ्ठ्यात ५.५ बाय ७.५ सेंमीची खिडकी कापून घ्या. २८ बाय ३८ सेंमीच्या कागदाशी तिचं प्रमाण जुळतं. तिच्यातून आडवं-उभं पाहून दोन-तीन छोटी स्केचेस करा, फक्त तीन टोनमध्ये: उजळ, मधला, गडद. स्केच जमत नसेल तर जागा बदला, रंगाने ते सुधारत नाही.

जागा सावलीतलीच हवी. कागदावर थेट ऊन असलं की तो डोळ्यांत भरतो, रंग उजळ भासतात, आपण गडद करत जातो आणि घरी नेल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री वापरलीत तर पांढरी किंवा करडी घ्या, कारण रंगीत छत्रीची झाक कागदावर उतरते. भिंतीला पाठ लावून बसलात तर मागे बघ्यांची गर्दी होत नाही. कुणाच्या अंगणात किंवा दारासमोर बसायचं असेल तर आधी विचारा.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणून पडछायांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने पक्क्या करा आणि नंतर बदलू नका. मध्येच ‘आत्ताची’ सावली घातली की चित्रात दोन सूर्य उगवतात. बैलगाडी, गुरं, वाळत घातलेले कपडे यांची रेखाटनंही आधीच उरका, ती केव्हाही हलतील.

माणसं काढताना हमखास चुकतं ते डोक्याच्या उंचीत. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर जवळच्या-लांबच्या उभ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजरेषेवर, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरच येतात, बदलतात ते पाय. बसून काढत असाल तर डोकी रेषेच्या वर जातात, आणि माणूस जितका जवळ तितकी जास्त.

जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डावर चिकटवा. पातळ कागद वॉशखाली, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराखाली फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), एक लाल, एक लेमन यलो एवढ्यात काम भागतं. मातीच्या भिंतीची सावली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणातून येते, ट्यूबमधला काळा तिला मारून टाकतो. पाणी दोन भांड्यांत ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. कडक उन्हात वॉश अर्ध्यातच वाळून कडा उमटते, तेव्हा रंग आधीच भरपूर कालवून ठेवा आणि मोठ्या ब्रशने न थांबता खाली आणा.

दीड-दोन तासांत सावल्या पार बदलतात. तेव्हा थांबा. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तसंच ऊन असेल तरच पुढे न्या.