दोन देशांच्या भातशेतीतील मिथेनची तुलना करताना या चुका टाळा

भारत आणि चीन यांचे आकडे शेजारी मांडले की बहुतेक जण एका ठिकाणी अडखळतात. भाताखालचे क्षेत्र भारतात सुमारे साडेचार कोटी हेक्टर आणि चीनमध्ये तीन कोटींच्या आसपास असले, तरी दोन्ही देशांच्या अधिकृत अहवालांत भातशेतीचे मिथेन चीनचेच जास्त, तेही दुपटीहून अधिक दिसते. हा आकडा चुकला असेल असे समजून क्षेत्राच्या प्रमाणात तो ‘दुरुस्त’ करणे ही सर्वांत मोठी चूक होय. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव प्राणवायू संपलेल्या चिखलातच काम करतात. त्यामुळे खाचरात पाणी किती दिवस उभे होते आणि चिखलात पेंढा किंवा शेणखत किती गाडले होते, हे आधी पाहावे लागते. भारतातील बरेच भात पावसावर अवलंबून असून त्याची खाचरे मध्येच सुकतात, तर चीनमधील बहुतेक भात ओलिताखाली आहे.

पाण्याचा फरक किती पडतो ते आयपीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या 2019 च्या सुधारित गुणांकांवरून दिसते. सतत पाणी साठलेल्या, सेंद्रिय खत न घातलेल्या खाचरातून दर हेक्टरी दररोज सरासरी 1.19 किलो मिथेन धरला, तर 110 दिवसांच्या पिकात तो 131 किलो होतो. त्याच खाचराचा हंगामात अनेकदा निचरा केला, तर गुणांक 0.55 लागून 72 किलो उरतो. चीनमध्ये 1980 नंतर हंगामाच्या मध्यावर पाणी काढून टाकण्याची पद्धत पसरली, ती विसरून सगळीकडे सतत पाणी धरले की चीनचा आकडाही फुगतोच.

परक्या मातीतले मोजमाप उसने घेतल्याने काय होते, याचा धडा भारताने घेतलेला आहे. परदेशी मोजमापांवरून भारतीय भातशेतीचे मिथेन वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक ठरवले गेले होते. 1991 मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने देशभरातील खाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा अंदाज सुमारे 40 लाख टनांवर आला. म्हणूनच एका देशाचा आकडा त्याच्या स्वतःच्या अहवालातून आणि दुसऱ्याचा जागतिक सरासरीवर बेतलेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्यातून घेऊ नये.

उत्पादनामागे मिथेन काढताना भात आणि तांदूळ यांची गल्लत होते, आणि शेतातल्या व भरडलेल्या धान्याला दोन वेगळे शब्द असलेल्या आपल्या भाषेत ती व्हावी, हे जरा खटकतेच. भारताची सरकारी आकडेवारी तांदळात असते, तर चीनची व संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची भातात. हेक्टरी 120 किलो मिथेन आणि 6 टन भात धरले, तर टनामागे 20 किलो येतात. तेच भात भरडून 4 टन तांदूळ मोजला, तर 30.

उत्तर संशयास्पद वाटले, तर ते किती पटींनी चुकते ते पाहावे. दीडपट फरक असेल, तर भात-तांदूळ तपासावे. 1.33 पट असेल, तर एका बाजूला मिथेनचे वजन आणि दुसऱ्या बाजूला त्यातील फक्त कार्बनचे वजन घेतलेले असते, कारण ते प्रमाण 16 ला 12 आहे. फरक बरोबर तिप्पट असेल, तर एकाने शंभर वर्षांचा 28 आणि दुसऱ्याने वीस वर्षांचा 84 हा तापमानवाढीचा गुणांक, म्हणजे मिथेन त्या काळात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा, वापरलेला असण्याची शक्यता मोठी आहे.