कंपनीने परत मागवलेला नग आपल्या सॅकमध्ये आहे का? असं तपासा

शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्याला रिकॉल समजावून सांगावा लागत नाही. एका हीटमध्ये, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूत, गडबड निघाली की त्या हीट नंबरचं सगळं कास्टिंग बाजूला निघतं, दिसायला कितीही चांगलं असो. गिर्यारोहणाच्या सामानाचंही तेच. नग नवाकोरा दिसतो यावर काही ठरत नाही, नंबरावर ठरतं.

म्हणून दसऱ्यानंतर सुळक्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत ग्रुपचं सामान सतरंजीवर मांडा आणि वहीत कंपनी, मॉडेल, सिरीयल किंवा बॅच नंबर, खरेदीची तारीख उतरवा. कॅराबिनर (दोर अडकवायची, उघडझाप होणारं गेट असलेली कडी) आणि डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) यांवर नंबर कोरलेला असतो. पुसट असेल तर टॉर्च आडवी धरून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. ‘सीई’ या युरोपीय खुणेच्या शेजारचे चार अंक तपासणी संस्थेचे असतात. बॅच नंबर म्हणून नेमके तेच उतरवले जातात. हार्नेसचं, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याचं, लेबल शिवलेलं असतं. गगनबावड्याच्या धबधब्यांवर दोन पावसाळे काढले की अक्षरं उडतात, त्यामुळे त्याचा फोटो खरेदीच्याच दिवशी. दोराचं लेबल टोकाला असतं. दोर कापून दोन केले की एक तुकडा बेवारस होतो, त्यालाही तोच नंबर लिहून चिकटवा. पट्ट्यावर किंवा दोरावर मात्र साधा मार्कर चालवू नका.

मग कंपनीच्या साइटवरचं सुरक्षा सूचनांचं पान आणि यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची रिकॉल यादी पाहा. वर्षातून दोनदा पुरे. सामान पुण्या-मुंबईतल्या कुणाकडून जुनं घेतलं असेल, तर कंपनीचा मेल गेला तर पहिल्या मालकाला जाईल, तुम्हाला नाही.

सूचना नीट वाचायची. 2011 मध्ये पेटझल कंपनीने ग्रिग्री 2 (चढणाऱ्याचा दोर खालून धरायचं साधन) परत मागवले, ते सिरीयलचे पहिले पाच अंक 10326 ते 11136 असलेले. यात पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे तीन त्या वर्षातल्या दिवसाचे. म्हणजे 22 नोव्हेंबर 2010 ते 16 मे 2011 चा माल. हँडल शेवटपर्यंत ओढून वर आणखी जोर लावला तर आत इजा होऊन ते उघडंच अडकू शकत होतं, आणि मग दोर पकडायला मदत करणारा ब्रेक लागत नाही.

काही सूचनांत आधी स्वतः तपासायला सांगतात. 2016 मध्ये ब्लॅक डायमंड कंपनीच्या सूचनांत कॅराबिनरचे नीट न बसलेले रिव्हेट होते आणि शिलाई राहून गेलेल्या स्लिंगही (पट्टीची शिवलेली वळी). रिव्हेटचं डोकं दोन्ही बाजूंनी पसरलेलं हवं, गेट सोडल्यावर आपोआप पूर्ण मिटायला हवं. इथेच कोल्हापुरी डोकं चालतं: उद्यमनगरात रिव्हेट दहा मिनिटांत ठोकून मिळेल की! मिळेल, पण तो किती भार घेईल याची चाचणी कुणी केलेली नसते. स्लिंग चांभाराकडून शिवून घेणंही त्यातलंच.

नंबर जुळला तर नगाला लाल चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत टाका. ‘पोरांच्या सरावाला राहू दे’ म्हणून ठेवू नका, पण लगेच कापूही नका. काही कंपन्या नग मागवतात, काही कापलेल्या नगाचा फोटो. आधी नंबराचा फोटो आणि बिल मेल करा. कुरिअरचा खर्च कोण देणार, तेही त्याच मेलमध्ये विचारा. आणि पुढच्या वेळी बिलावर नुसतं ‘कॅराबिनर 10 नग’ लिहू देऊ नका, मॉडेल आणि बॅच लिहून घ्या.