जुने सिनेमे डिस्कवर बघायचेत? मग सुरुवात अशी करा

बऱ्याच घरांत माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या कपाटात डीव्हीडींचं एक खोकं पडलेलं असतं आणि दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला द्यायचं का यावर दरवर्षी घरात चर्चा होते. देऊ नका. मागच्या वर्षी आईसाठी एक जुना मराठी सिनेमा शोधत होतो, महिनाभर आधी ॲपवर होता तो गायब, यूट्यूबवर होता पण अर्धाच आणि कोपऱ्यात कुणाचा तरी मोठा लोगो, शेवटी नाशिकरोडला मामांच्या घरी खोक्यात त्याची व्हीसीडी सापडली, दोन डिस्कची, पहिली संपली की बरोबर मध्यंतर. आई शेवटपर्यंत उठली नाही. डिस्क एकदा घरात आली की ती कुणी काढून घेत नाही की मधला सीन कापत नाही, म्हणून मी जमवायला लागलो.

आधी प्लेअरचं बघा, डिस्क नंतर. घरातला जुना डीव्हीडी प्लेअर चालू असेल तर त्याच्या मागे पिवळी-लाल-पांढरी पिन असते आणि नव्या टीव्हीला ती भोकं बहुतेक नसतातच. टीव्हीच्या मागे 'एव्ही इन' लिहिलेलं हेडफोनसारखं बारीक भोक आहे का ते बघा, असेल तर त्याची वेगळी वायर मिळते. नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते, नाशिकच्या एमजी रोडला किंवा शालिमारला विचारा. प्लेअरलाच एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला. नवीन घेणार असाल तर माझं मत सरळ आहे, ब्लू-रे (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) प्लेअर घ्या, त्यात डीव्हीडीपण चालते, फक्त व्हीसीडी चालेलच असं नाही त्यामुळे आधी विचारून घ्या. मुलांचा डिस्कवाला प्लेस्टेशन असेल तर त्यातही ब्लू-रे लागते. आणि काहीच नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणि लॅपटॉपवर व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं फुकट सॉफ्टवेअर, सुरुवातीला एवढं पुरे.

आता रीजनचं नीट समजून घ्या कारण पैसे इथेच वाया जातात. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी काढली त्याचा कोड, तो प्लेअरच्या कोडशी जुळला नाही तर डिस्क लागत नाही. डीव्हीडीसाठी भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १, इंग्लंड आणि जपानचा २. ब्लू-रेला आकडे नसून अक्षरं आहेत, भारत सी, अमेरिका ए, इंग्लंड बी. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या, पुढे खूप वर्षांनी त्यातलं जेवढं वाचलं त्यावरून आणि इतर प्रिंटवरून तिन्ही सिनेमे परत उभे केले आणि अमेरिकेत क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये त्यांचा ब्लू-रे संच काढला. आतेभावाला सांगून मी तो अमेरिकेहून मागवला, घरी मित्र जमले, डिस्क टाकली आणि स्क्रीनवर फक्त रीजन चुकल्याचा मेसेज. पुढे रीजन-फ्री, म्हणजे कुठल्याही रीजनची डिस्क घेणारा प्लेअर मिळेपर्यंत तो संच कपाटात होता. म्हणून बाहेरची डिस्क मागवण्याआधी पाकिटाच्या मागचं छोटं चिन्ह बघा आणि आपला प्लेअर कुठला आहे ते तपासा. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला ही रीजनची भानगड नाही, पण त्याला प्लेअर ४केचाच लागतो. लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन ५ वेळाच बदलता येतो, उगाच खेळत बसू नका.

डिस्क कुठे मिळतात? नवीन दुकानात आता फारशा नाहीत, म्हणून पहिला शोध ओळखीपाळखीत. नातेवाईक, शेजारी, घर बदलणारी माणसं, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, लोक अक्षरशः पिशवी भरून देतात. २००७ च्या आसपास मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढल्या होत्या, त्या तेव्हा घराघरांत गेल्या आणि आजही खोक्यांत त्याच जास्त सापडतात. नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेलात तर जुन्या वस्तू मांडून बसलेल्यांकडे नजर टाका, दर वेळी मिळेल असं नाही.

जुनी डिस्क घेताना ती उलटी करून उजेडात तिरकी धरा. मागची बाजू चांदीसारखी असेल तर कारखान्यात छापलेली, जांभळट किंवा निळसर असेल तर कुणीतरी घरी बर्न केलेली, ती सोडा. एका डीव्हीडीत ५ सिनेमे असतील तीपण सोडा, डिस्कवर जागा साधी ४.७ जीबी, डबल लेयरला ८.५ जीबी, तेवढ्यात ५ सिनेमे कोंबले की अंधारातल्या सीनमध्ये नुसते चौकोन दिसतात. मधून कडेकडे गेलेला ओरखडा बऱ्याचदा चालून जातो पण गोल, डिस्कच्या फिरण्याच्या दिशेने गेलेला असेल तर तिथे सिनेमा अडकणार. आणि पाकिटावरची मिनिटं बघा, मूळ सिनेमापेक्षा बरीच कमी असतील तर गाणी उडवलेली असू शकतात. (परदेशी सिनेमाची पाल, म्हणजे युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी असेल तर १२० मिनिटांचा सिनेमा साधारण ११५ मिनिटांत संपतो, कारण तिथे सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, तिथे कापाकापी झाली असं समजू नका.)

स्वच्छता. नाशिकच्या पावसाळ्यात चार महिने बंद कपाटात राहिलेल्या डिस्कवर पांढरट बुरशीचे ठिपके येतात आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. बहुतेक वेळा गेलेली नसते. नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या पेराने हलकेच मधून कडेकडे, कधीही गोल गोल नाही. धुवून चष्म्याच्या मऊ फडक्याने तसंच टिपा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. टूथपेस्ट घासायचा उपाय ब्लू-रेवर तर अजिबात नको, कारण तिच्यात माहिती चकचकीत बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते. डीव्हीडीत ती दोन पातळ थरांच्या मध्ये सुरक्षित असते. व्हीसीडीत मात्र छापील चित्राच्या लगेच खाली, म्हणून व्हीसीडीच्या चित्राच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहू नका, स्टिकर लावला असेल तर ओढून काढू नका. डिस्क उभ्या ठेवा, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी कपाटात टाका, मे महिन्यात गाडीत विसरू नका.

आता टीव्ही. रिमोटवर पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा आणि मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो ती सोय, कंपनीने नाव काहीही दिलेलं असो, बंद करा, नाहीतर जुना सिनेमा मालिकेसारखा दिसतो. मग आकार. १९३६ चा संत तुकाराम जवळपास चौकोनी फ्रेमचा आहे, टीव्ही तो ताणून पूर्ण पडदा भरतो आणि विष्णुपंत पागनीसांचा तो शांत चेहरा आडवा पसरतो, बघवत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आस्पेक्ट (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या.

सुरुवातीला एकदम ५० डिस्क गोळा करू नका. एक घरच्यांच्या आठवणीतला, एक पूर्ण अनोळखी, एक मित्राने डोकं खाऊन सांगितलेला, असे तीन घ्या. शनिवारी रात्री जेवणं उरकून लाइट बंद, मोबाइल आतल्या खोलीत, मध्यंतराला चहा. सोबत आई-वडील किंवा आजी असली तर फारच छान, कुठल्या टॉकीजला कुणाबरोबर बघितला होता ते मधेच सांगायला लागतात, तेव्हा पॉज करा आणि ऐका. डिस्कमध्ये दिग्दर्शकाची कॉमेंटरी असेल तर ती दुसऱ्यांदा बघताना लावा, पहिल्यांदा नको.

एकदा जमलं तर पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात जाऊन या. दादासाहेब १८७० ला त्र्यंबकला जन्मले, १९४४ ला नाशिकमध्येच गेले आणि त्यांच्या बहुतेक सिनेमांची रिळं आज शिल्लकच नाहीत. मी तिथून आलो त्या संध्याकाळी खोक्यातल्या सगळ्या डिस्क काढून एकेक पुसली.

आणि डिस्क लोकांना द्या, जरूर द्या, पण वहीत नाव, तारीख आणि सिनेमा लिहून. परत आली की पाकीट तिथल्या तिथे उघडून आत तीच डिस्क आहे ना ते बघा.